नाकानं की शेपटीनं

त्याला सगळे ओळंबा म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव पगाराच्या यादीत तेवढं होतं, आणि ती यादी महिन्यातून एकदाच वाचली जायची.

गाड्या पळवायचा ट्रॅक बांधत होते तेव्हा गवंड्याच्या हाताखाली तो आला होता. ट्रॅकच्या कडेची भिंत पुरी झाली, गवंडी पुढच्या कामाला गेला, हा मागंच राहिला. कुणीतरी त्याला दोन गाड्या धुवायला सांगितल्या. धुता धुता त्यानं एका गाडीचं पुढचं चाक बघितलं आणि म्हणाला, "हे तिरकं आहे." गाडीचा मालक हसला. मशीनवर मोजलं तर खरंच तिरकं निघालं, गव्हाच्या दाण्याएवढं. त्या दिवसापासून, भिंत सरळ आहे का बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो त्यावरून, ओळंबा हे नाव पडलं, आणि धुण्याची बादली सुटली.

या गोष्टीला आता तीसेक वर्षं झाली होती. ट्रॅकच्या मागं पत्र्याची शेड होती, ती त्याची. गाडीच्या दोन्ही बाजूंनी मासे धरायची बारीक दोरी ताणायची, दोरीपासून चाकाच्या कडेपर्यंत स्टीलच्या पट्टीनं मोजायचं आणि चाक सरळ करायचं, हे त्याचं काम. मशीनवाले पंधरा मिनिटांत करत, याला दीड तास लागे. पण मशीनवाल्याकडून आलेली गाडी परत याच्याकडं यायची. याच्याकडून गेलेली मशीनवाल्याकडं जात नसे.

दुसरं काम टायर वाचायचं. जोड्याची टाच बघून माणसाची चाल कळते, तशी त्याला टायरवरून चालवणाऱ्याची चाल कळायची. रविवारी लोक आपापल्या गाड्या घेऊन चकरा मारायला येत. शर्यत नव्हे. शर्यतीत कुणीतरी एकच पहिला येतो. इथं प्रत्येक जण घरी जाऊन आपणच पहिले आलो असं सांगायला मोकळा. त्यातले शहाणे दुपारी शेडकडं यायचे, चाक काढून समोर ठेवायचे. ओळंबा टायरवर तळवा फिरवायचा आणि सांगायचा, "वळणात उशिरा ब्रेक मारता, आणि मग घाबरून स्टेअरिंग पिळता." एका दातांच्या डॉक्टरानं यावर विचारलं होतं, "घाबरून हे कशावरून?" ओळंबा म्हणाला, "तुमच्या खुर्चीत बसलेला माणूस घाबरलाय हे तुम्हाला कळतं का नाही?"

त्याच्या भाषेत गाडी दोनच तऱ्हेनं चालायची. वळणात पुढची चाकं घसरून गाडी बाहेरच्या बाजूला निघाली, की ती नाकानं चालली. मागची चाकं घसरली, की शेपटीनं. नवशिका नेहमी नाकानं चालवतो. आत शिरतो भरधाव, गाडी वळेना झाली की स्टेअरिंग आणखी पिळतो, आणि पुढच्या टायरची बाहेरची कड बिचारी उगाळलेल्या चंदनासारखी झिजते. शिकलेला माणूस वळणाआधीच वेग टाकतो, गाडी आत वळू देतो आणि बाहेर निघताना मागून ढकलतो. त्याचं मागचं टायर झिजतं. गाडी चालवायला शिकणं म्हणजे झीज पुढून मागं नेणं, एवढंच ओळंब्याचं शास्त्र होतं. स्वतः तो घरी सायकलनं जायचा.

ट्रॅकची गाडी चालवायला शिकवायची शाळा होती. शाळेच्या चार गाड्या म्हाताऱ्या झाल्या आणि नव्या घ्यायचं ठरलं. ट्रॅक चालवणाऱ्या बाईंनी दोन गाड्या चाचणीला मागवल्या. एक कूपे: दोन दारं, बुटकी, हलकी, इंजिन पुढं आणि ताकद सगळी मागच्या दोन चाकांना. दुसरी हॅच: बघायला घरगुती, मागं सामानाचं दार, पोरांना शाळेत सोडावं अशी, पण चारही चाकांना ताकद आणि पाय ठेवला की पोट पाठीला लागायचं.

शाळेतल्या मास्तराला हॅच हवी होती. मास्तर जातिवंत चालवणारा, एकेकाळी शर्यती जिंकलेला, आता गुडघ्याला पट्टा बांधून शिकवणारा. तो म्हणायचा, "अरे, ओल्या ट्रॅकवर कूपे नवशिक्याच्या हातात म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. हॅच माणसाला सांभाळून घेते."

"सांभाळून घेते म्हणूनच नको," ओळंबा म्हणायचा. "चौघांनी उचलून धरलेल्या माणसाला चालता येतं का नाही, ते कुणाला कळणार?"

"तू कधी चालवलीस का दोन्हीतली एक तरी?"

"तू कधी टायर वाचलंस का?"

एवढ्यावर त्यांचं रोज मिटायचं. पण या वेळी गोम दुसरीकडं होती. हॅचवाली कंपनी चार गाड्यांबरोबर आपलं अलाइनमेंटचं मशीन आणि आपला माणूस देणार होती. अट एकच, चाकांना दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. लावला तर हमी गेली. म्हणजे शेड कंपनीच्या माणसाची, आणि ओळंबा फाटकावर हेल्मेटं वाटायच्या खिडकीवर. निवृत्तीला तीन वर्षं होती. ट्रॅकवर हे सगळ्यांना माहीत होतं, चहावाल्यालासुद्धा.

बाईंनी त्याला ऑफिसात बोलावलं. बाई मितभाषी. खुर्चीत बसूनही उभ्या असल्यासारख्या वाटायच्या.

"सहा नवशिके घेतलेत," त्या म्हणाल्या. "सकाळी एकदा, दुपारी एकदा, दोन्ही गाड्या चालवतील. टायर तुम्ही वाचायचे. अर्ध्या दिवसात कुठली गाडी माणसाला जास्त शिकवते, ते सांगायचं."

"बाई, माझं पोट आहे यात."

"माहीत आहे."

"मी कूपे म्हटलं की मास्तर म्हणणार, पोट बोललं."

"म्हणू दे. तुम्ही आकडे लिहून द्या."

चाचणीच्या दिवशी आभाळ स्वच्छ, ट्रॅक कोरडा. दोन्ही गाड्यांना नवे टायर. कूपेचे चारही एकाच मापाचे, हॅचचेही तसेच. सहा नवशिक्यांत एक बेकरीवाला होता, तो प्रत्येक चकरेनंतर उतरून गाडीला थँक्यू म्हणायचा. सगळ्यांची चक्कर हॅचमध्ये चार-चार सेकंदांनी कमी भरत होती. उतरताना तोंडं फुललेली. कूपेतून उतरताना तीच तोंडं कसनुशी, सासऱ्याशी पहिल्यांदा बोलून आल्यासारखी. बेकरीवाला तर कूपेतून उतरून थँक्यू म्हणायचंही विसरला.

"बघितलंस?" मास्तर म्हणाला.

"तोंडं बघितली," ओळंबा म्हणाला. "टायर अजून बघायचे आहेत."

दुपारच्या सुट्टीत कूपेची चारही चाकं उतरवली. डावीकडची डावीकडं, उजवीकडची उजवीकडं ठेवली. ओळंबा गेजच्या दांडीनं नक्षीची खोली मोजत गेला. गेजवर एका मिलिमीटरच्या दहा रेघा. पुढची चाकं सहा रेघा झिजलेली, मागची तीन. सगळे नाकानं चालले होते, त्यात नवल नव्हतं. मोजलेल्या चाकावर तो खडूनं अक्षर लिहायचा, पुढच्यावर 'पु', मागच्यावर 'मा'. अक्षर टायरच्या तळव्यावर, म्हणजे पहिल्याच चकरेत पुसून जाई आणि टायर घाण दिसत नसे. तीस वर्षांची सवय.

मग तो हॅचखाली शिरला आणि कूपेची चाकं चढवायचं काम नव्या फिटरनं केलं. फिटर तिशी ओलांडलेला, पोराबाळांचा, लॉरीच्या टायरच्या दुकानातून महिन्यापूर्वी आलेला. कामाला चोख. सांगितलेलं करायचा आणि न सांगितलेलं विचारायचा नाही, कारण मागच्या दुकानात विचारणाऱ्याला आळशी म्हणत.

संध्याकाळी पुन्हा चाकं उतरली, पुन्हा गेज लागलं. ओळंब्यानं सकाळच्या कागदाशेजारी दुपारचा कागद ठेवला आणि वजाबाकी केली. मग परत केली. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा केली.

हॅच: पुढं सात रेघा, मागं तीन. सकाळीही तेच, दुपारीही तेच. कूपे: सकाळी पुढं सहा, मागं तीन. दुपारी पुढं दोन, मागं पाच.

झीज पुढून मागं गेली होती. सहाच्या सहा जणांची, अर्ध्या दिवसात. सकाळी नाकानं चालणारी माणसं दुपारी शेपटीनं चालायला लागली होती.

त्यानं कागद बाईंच्या टेबलावर ठेवला. मास्तर शेजारीच होता. त्यानं आकडे बघितले, ओठ मुडपले आणि म्हणाला, "दुपारी मी शेजारी बसलो होतो. मला काही असं जाणवलं नाही."

"तुला जाणवलं नाही, टायरला जाणवलं."

"टायरला पोट नसतं ना."

बाई म्हणाल्या, "पुरे. उद्या अकरा वाजता कूपेच्या पत्रावर सही करते." आणि कागद फाइलला लावला.

ओळंबा घरी गेला. बायको शिलाईचं काम करायची, लोकांच्या कपड्यांच्या शिवणी उसवून पुन्हा घालायची. तिला त्यानं सांगितलं, शेड राहिली. ती टाचण्या तोंडात धरूनच म्हणाली, "मग आता तरी तिथला पंखा दुरुस्त करून घ्या." त्याच्या घरी आनंद असाच साजरा व्हायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता तो शेडमध्ये कालची चाकं भिंतीला लावत होता. फिटर फरशी झाडत होता. झाडता झाडता म्हणाला, "मिस्त्री, काल तुम्ही कूपेची दोन चाकं पुन्हा बघायला सांगितली होती ना, मी बघितली. काही नव्हतं त्यात. सांगायचं राहून गेलं."

"मी कधी सांगितलं?"

"लिहिलं होतं की. दोन्हींवर 'पु' लिहिलेलं. पुन्हा."

ओळंब्याच्या हातात चाक होतं. ते त्यानं सावकाश खाली ठेवलं.

"आणि 'मा' म्हणजे?"

"माप झालं," फिटर म्हणाला. "आमच्या दुकानात असंच लिहायचे. ज्याचं माप झालं ते आधी चढवायचं. गाडी पुढून जॅकवर होती, म्हणून ती दोन पुढं चढवली. मग बाकीची दोन पुन्हा तपासली, वॉल्व्ह बघितले, कडा बघितल्या, आणि मागं चढवली. का? चुकलं का काही?"

"नाही," ओळंबा म्हणाला. "तू झाड."

तो बाहेर जाऊन भिंतीपाशी उभा राहिला. कागद फाइलमध्ये होता, पण आकडे त्याला तोंडपाठ होते. मागची चाकं पुढं गेली, पुढची मागं. म्हणजे वजाबाकी उलटी, प्रत्येक चाकाशी सकाळचं दुसऱ्याच चाकाचं माप जुळवलेलं. दुपारी पुढं दोन रेघा नव्हे, पाच. मागं पाच नव्हे, दोन. सकाळी सहा आणि तीन, दुपारी पाच आणि दोन. कूपेनंही काही शिकवलं नव्हतं. माणसं जेवून आली होती आणि जरा कमी घाईत होती, एवढाच काय तो फरक.

हे आता जगात एकाच माणसाला माहीत होतं. फिटरला माहीत होतं, पण आपल्याला काय माहीत आहे हे त्याला माहीत नव्हतं.

त्यानं घरी फोन लावला.

"काय झालं? डबा विसरलात?" बायको म्हणाली.

त्यानं सांगितलं. तिला नाक, शेपूट, रेघा यातलं काही कळलं नाही. पण अकरा वाजता सही आहे आणि कुणाला ठाऊक नाही, एवढं नेमकं कळलं.

"मग गप्प बसा की," ती म्हणाली. "गाडी वाईट आहे का ती?"

"वाईट नाही. मला विचारशील तर तीच चांगली."

"मग? आंब्याच्या झाडाला आंबाच म्हटलात ना? फक्त पानं मोजायला चुकलात."

"पानंच मोजायला बोलावलं होतं."

पलीकडं शिलाईचं मशीन थोडा वेळ चाललं, थांबलं.

"तुम्हाला गप्प बसता येत असतं ना," ती म्हणाली, "तर आपलं लग्न ठरवताना माझ्या बापाला त्याचं दार तिरकं बसलंय म्हणून सांगितलं नसतंत. जा. काय करायचं ते करा. आणि मला नंतर विचारू नका, मी काय म्हणाले होते."

साडेदहाला तो ऑफिसात गेला. मास्तर तिथंच चहा पीत होता. तो बाहेर गेल्यावर बोलावं असं ओळंब्याला वाटलं. पण मास्तर गुडघा पसरून निवांत बसला होता आणि कप अर्धा भरलेला होता.

"बाई, कालचा कागद चुकलाय," ओळंबा म्हणाला. "कूपेची पुढची-मागची चाकं दुपारी अदलाबदल झाली होती. वजाबाकी उलटी धरायची."

बाईंनी फाइल उघडली. पेन्सिलनं आकडे उलटे केले. बघत राहिल्या.

"कुणी बदलली?"

"माझ्या अक्षरानं. 'पु' लिहिलं, ते 'पुन्हा' वाचलं गेलं."

मास्तरानं कप खाली ठेवला. तो हसेल असं ओळंब्याला वाटलं होतं, आणि त्यासाठी त्यानं दोन उत्तरं तयार ठेवली होती. मास्तर हसला नाही. म्हणाला, "म्हणजे काल मला जाणवलं नाही ते बरोबर होतं."

"बरोबर होतं."

"मी रात्रभर विचार करत होतो, माझं बूड बधिर झालं की काय."

बाईंनी पेन्सिल ठेवली. "मग आता काय वाचायचं यातून?"

"काही नाही. दोन्ही गाड्या नाकानं घासल्या. कूपे थोडी कमी, कारण ती हलकी आहे."

"पुन्हा चाचणी घ्यायला वेळ नाही. दोन्ही गाड्या आज परत जाणार. तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं कूपे. अर्ध्या दिवसात नाही, पण सहा महिन्यांत ती शिकवील. चुकलं की लगेच मागून टपली मारते. हॅच चूक पोटात घालते, आणि माणूस खूश होऊन घरी जातो. पण हे वाटणं झालं, बाई. वाचणं नव्हे. आणि वाटण्यात माझं पोट आहे."

बाई खिडकीतून ट्रॅककडं बघत राहिल्या. तिथं रखवालदार कडेचे शंकू उचलून एकात एक घालत होता.

"वाटण्यावर मी चार गाड्या घेऊ शकत नाही," त्या म्हणाल्या. "वाचलेलं एकच उरतं, चार सेकंद. आणि ओल्यात हॅच भिंतीवर जात नाही, हे मास्तरांचं."

"ते खरं आहे," ओळंबा म्हणाला.

अकरा वाजता बाईंनी हॅचच्या पत्रावर सही केली. मास्तर बाहेर येऊन त्याच्याबरोबर शेडपर्यंत चालत आला. वाटेत एकदा म्हणाला, "तू बोलला नसतास तर चाललं असतं." ओळंबा म्हणाला, "तुझं बूड बोललं असतं कधीतरी."

फिटरला हे संध्याकाळी कळलं, चहावाल्याकडून. तो तांबडा होऊन शेडमध्ये आला. "मिस्त्री, माझ्यामुळं—"

"तुझ्यामुळं काही नाही. तू लिहिलेलं वाचलंस."

"विचारायला हवं होतं."

"ते हवं होतं," ओळंबा म्हणाला. ओळंबा उगाच कुणाचं मन राखत नसे.

महिनाअखेरीला मशीन आलं. खोक्यातून निघालेलं, पांढरं, दवाखान्यातल्यासारखं. त्याच्याबरोबरचा माणूस नम्र होता. त्यानं शेडची फरशी सपाट आहे का विचारलं. ओळंब्यानं त्याला डावा कोपरा दाखवला आणि तिथं किती जाडीची पट्टी सारायची ते सांगितलं. माणसानं आपल्या यंत्रावर बघितलं, पट्टी सारली, परत बघितलं आणि मान हलवली. शेडच्या दोन किल्ल्या ओळंब्यानं टेबलावर ठेवल्या. पंखा तसाच बंद होता.

हेल्मेटची खिडकी फाटकाशेजारी. डोक्याचं माप फीत लावून घ्यायचं, कपाळावरून, कानांच्या वरून, मागच्या उंचवट्यावरून. आधीचा माणूस अंदाजानं द्यायचा आणि लोक ढिली हेल्मेटं घालून चकरा मारायचे. ओळंबा प्रत्येकाला फीत लावायला लागला. रविवारी रांग लागली, लोक कुरकुरले.

"अहो, डोकं आहे, चाक नव्हे," रांगेतून कुणीतरी ओरडलं.

"चाक बदलून मिळतं," ओळंबा म्हणाला आणि फीत पुढच्या कपाळाला लावली.

पाचवा-सहावा बेकरीवाला होता. नव्या हॅचमध्ये त्याचा तिसरा रविवार. चेहरा खुललेला.

"आज आणखी दोन सेकंद काढणार," तो म्हणाला. "गाडी काय आहे हो! चूकच होत नाही."

ओळंब्यानं फीत बघितली, मागं वळून फळीवरून हेल्मेट काढलं, त्याच्या डोक्यात घातलं, हनुवटीखालचा पट्टा ओढून दोन बोटं आत जातात का बघितलं. एकच जात होतं. त्यानं पट्टा एक घर सैल केला.

"डावीकडच्या लांब वळणाआधी," तो म्हणाला, "नेहमीपेक्षा थोडं लवकर ब्रेक मारून बघा."

"का? गाडी तर जाते की."

"जाते," ओळंबा म्हणाला. "बघा मारून. पुढचे या."